कोटेशन मान्य, फक्त ‘किरकोळ बदल’

दुसरा स्लॅब भरून झाल्यावर आज बिल्डरची वर्क ऑर्डर आली. तारीख मात्र गेल्या महिन्याची! ‘आपले कोटेशन मान्य आहे, खालील किरकोळ बदलांसह.’ किरकोळ म्हणजे सेंटरिंगच्या (स्लॅब ओतायला खालून लावतो त्या प्लेटा-टेकूंच्या कामाच्या) दरात चौरस फुटाला सहा रुपये कापलेले, रिटेन्शन, म्हणजे बिलातून अडकवून ठेवायची रक्कम, पाचाचं दहा टक्के, बिल नव्वद दिवसांनी, आणि लेबर कॅम्पचं पाणी-लाईट माझ्या खिशातून. वर तळाला बारीक अक्षरात, ‘काम सुरू केल्याने सर्व अटी मान्य असल्याचे समजले जाईल.’ अरे बाबांनो, माझी माणसं प्लेटा लावत होती तेव्हा तुमच्या या अटी टाईप तरी झाल्या होत्या का? तेव्हा तर ‘शेठ, आपलंच काम आहे, चालू करा’. हे ‘आपलंच काम’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

१८७२च्या करार कायद्याचं कलम ७ सरळ सांगतं, स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. बदल घुसवले की तो नवा प्रस्ताव. पण उद्या माझी गँग साइटवर चढली, की हीच मंडळी कलम ८ काढणार. काम चालू ठेवलंत ना, म्हणजे मान्य! आणि नाही चढली, तर बसल्या जागी हजेरी कोण देणार? भाड्याच्या प्लेटा-जॅक स्लॅबखाली अडकलेत, ते वेगळंच.

मागच्या बिल्डरनं ‘लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे काम द्यायचा नुसता इरादा कळवणारं पत्र, हातात ठेवून ‘हीच ऑर्डर समजा’ म्हटलं होतं. असं पत्र सहसा कुणालाच बांधत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००६मध्ये ड्रेसर-रँडच्या निकालात सांगून ठेवलंय. सरकारी निविदांची तर तऱ्हाच न्यारी. वैधता संपायच्या आत मी माघार घेतली तर बयाणा जप्त. त्यांनी निविदाच रद्द केली तर ‘प्रशासकीय कारणास्तव’. झालं!

रागारागात कलमांसकट दीड पानी मेल लिहिला. बायकोनं वाचला आणि विचारलं, “हे कोर्टात चाललंय की साइटवर?” मग आमच्या न्यायमूर्तींनी तो चार ओळींवर आणला: तुमचे बदल मान्य नाहीत, काम मूळ कोटेशनच्या दरानंच चालू ठेवतोय, या दरानं नको असेल तर आजच कळवा.

व्हॉट्सॲपवर त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं उत्तर आलं. नुसता अंगठा. आता ही स्वीकृती धरू की पोच?