एकशे एकसष्ट अंशांचं आकाश

सांगलीकराला विमान पकडायचं तर कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागतं. कवलापूरला विमानतळाची जागा आहे, पण तिथून विमानांपेक्षा चर्चाच जास्त उडतात. तेव्हा विश्रामबागेतल्या एखाद्या हॉलमध्ये कुणी घरच्या घरी, कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (म्हणजे विमान उडवायच्या गेममध्ये), सेसना हे छोटं विमान उडवत बसला, तर त्याला येड्यात काढण्याआधी थोडा विचार व्हावा. एका मॉनिटरवर गुमान उडत असतो तोवर घरचेही काही बोलत नाहीत. तिसऱ्या मॉनिटरचा खोका जिन्यातून वर येतो आणि मग प्रश्न पडतो, "एका विमानाला तीन टीव्ही?"

प्रश्न रास्त आहे, उत्तरही रास्त आहे. २७ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवरून बघितला तर डोळ्यापुढचे ५३ अंश व्यापतो. माणसाला मात्र मान न वळवता १८० अंशांच्या आसपास दिसत असतं. म्हणजे एका मॉनिटरवर उडणं हे टपालपेटीच्या फटीतून कृष्णेचा पूर बघण्यासारखं आहे. गेम यावर लबाडी करतो. ८०-९० अंशांचं दृश्य त्या ५३ अंशांत कोंबतो. त्यामुळे धावपट्टी आहे त्याहून लांब आणि बारीक दिसते, उतरताना उंचीचा अंदाज चुकतो आणि विमान धप्पकन बसतं. दोष वैमानिकाचा नसून भूमितीचा असतो. हे घरी सांगून बघावं, फायदा होत नाही.

आता टेबल. दुकानात मिळतं ते ४ फूट बाय २ फूट. तीन मॉनिटर त्यावर बसत नाहीत, लोंबतात. हिशेब असा: बाजूचे दोन मॉनिटर आत वळवायचे ते मनाला येईल तसे नाही, तर एक पडदा डोळ्यापुढे जेवढे अंश व्यापतो तेवढेच, म्हणजे तिन्ही पडदे डोळ्यापासून सारख्या अंतरावर आणि डोळ्याकडे सरळ तोंड करून येतात. ५३ अंश पडद्याचे. दोन्हीकडच्या काळ्या चौकटी सात-सात मिलिमीटरच्या धरल्या तर त्यांचा मिळून एक. झाले ५४. पोरांच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पुठ्ठ्यावर १८० वजा ५४, म्हणजे १२६ अंशांचा कोन आखावा, कापावा आणि तो पुठ्ठा दोन मॉनिटरच्या मधल्या कोपऱ्यात धरून जुळवावं. याला डोळ्याचा अंदाज चालत नाही. असे वळवल्यावर एकूण रुंदी १३३ सेंटिमीटर होते आणि बाजूचे मॉनिटर ५० सेंटिमीटर पुढे येतात. म्हणून टेबल किमान ५ फूट बाय अडीच फूट हवं, १८ मिलिमीटरच्या प्लायचं. माप ऐकून सुतार हमखास विचारतो, "सायबर कॅफे टाकताय काय ओ?" हो म्हणावं. खरं सांगितलं तर मजुरी वाढते.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. वैमानिक आत बसला की दोन्ही कानांपुढे जेमतेम वीतभर फट उरते. चहाचा कप मॉनिटरच्या वरून द्यावा लागतो. चहा आणि मॉनिटर यांची अशी भेट होऊ नये.

मॉनिटर कशावर बसवायचे यावर माझं मत ठाम आहे. एका खांबावर तीन हात असलेला स्टँड फोटोत देखणा दिसतो. प्रत्यक्षात खांब मधे आणि वजन टोकांना, त्यामुळे बाजूचे मॉनिटर हळूहळू मान टाकतात. टेबलावर नुसती बोटं आपटली तरी क्षितिज थरथरतं आणि स्वच्छ हवेतही टर्ब्युलन्स लागतो. पार्टिकल बोर्डच्या टेबलावर असल्या स्टँडचा क्लॅम्प आवळलात तर बोर्डाचा भुगा होतो. त्यापेक्षा मॉनिटर आपापल्या मूळ पायांवर उभे करावेत आणि उंची प्लायच्या तुकड्यांनी जुळवावी. स्टँडचा हात बसवायचाच असेल, तर मॉनिटरच्या पाठीला १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत का ते विकत घेण्याआधी बघा. स्वस्त मॉडेलला कधीकधी नसतात. स्क्रू एम-४ लागतो, पण लांबी बेताची ठेवा, नाहीतर तो आत पॅनेलपर्यंत पोचतो.

तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घ्या. "सध्या एक घेतो, दिवाळीला दुसरा" हा संसारी विचार इथे घात करतो, कारण दिवाळीपर्यंत ते मॉडेलच बंद होतं. मग डावीकडचं आकाश निळं, मधलं हिरवट आणि उजवीकडचं हळदीच्या पेवातून काढल्यासारखं. एका मॉडेलचे तिन्ही असले तरी मेन्यूत जाऊन रंगाची सेटिंग आणि ब्राइटनेस हाताने सारखे करावे लागतात. पॅनेल आयपीएस प्रकारचंच घ्या. टीएन प्रकारचा पडदा जरा तिरका बघितला की रंग पालटतो.

यानंतर टेबलाखालचं पर्व. या छंदातला निम्मा वेळ हवेत जातो हा गैरसमज आहे, तो जमिनीवर पालथं पडून जातो. ग्राफिक्स कार्डच्या पाठीला मॉनिटर जोडायच्या जागा असतात, बहुतेक तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. स्वस्त मॉनिटरला एक एचडीएमआय आणि जुनं व्हीजीए. अंधारात चाचपडणारा हात मग मदरबोर्डवरचं एचडीएमआय शोधून काढतो आणि वायर तिथे बसते. ती ग्राफिक्स कार्डला नव्हे, प्रोसेसरला जोडलेली असते. परिणामी तिसरा मॉनिटर काळा तरी राहतो, नाहीतर चालतो पण रांगतो. कार्डच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाणारी साधी वायर चालते. उलट दिशेने तीच वायर चालत नाही, तो एकेरी रस्ता आहे. दुकानदार "दोन्हीकडून चालतंय" म्हणाला तरी चालत नाही. खोक्यात येणारी वायर दीड मीटरची असते आणि बाजूच्या मॉनिटरला ती नेमकी वीतभर कमी पडते, तेव्हा आधी सुतळीने मोजा आणि तीन मीटरची आणा. वायरी जोडताना सगळं बंद ठेवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लगचं अर्थिंग गेलंय, इलेक्ट्रिशियनला बोलवा. विमान आठवड्यानेही उडेल.

विंडोजमध्ये गेल्यावर कळतं की डावीकडचा मॉनिटर तीन नंबरचा आहे, मधला एक आणि उजवीकडचा दोन. आकड्यांवर चिडू नका. डिस्प्ले सेटिंगमध्ये चौकोन ओढून खऱ्या जागी ठेवा, स्केल तिन्हीकडे १०० टक्के, रिफ्रेश रेट सारखा.

मग येतो खरा वाद. तिन्ही पडद्यांची मिळून एकच लांबलचक पट्टी करायची, की तीन स्वतंत्र खिडक्या? ग्राफिक्स कार्डासोबतची एनव्हिडिया सराउंड किंवा एएमडीचं आयफिनिटी ही सोय वापरली तर १९२० बाय १०८० पिक्सेलच्या तीन पडद्यांचा ५७६० बाय १०८० असा एक होतो. सोपं आहे, पण सिम्युलेटरला वाटतं की पडदा सपाट आहे. तो एकाच कॅमेऱ्यातून चित्र काढतो आणि कडेची प्रत्येक वस्तू घाईत लाटलेल्या पोळीसारखी पसरते. समोरचं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाएवढं काही कडेला गेलं की सांगलीपासून मिरजेपर्यंत लांबतं. एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक मॉनिटरला वेगळा दृश्यकोन देता येतो: दृष्टिक्षेत्र ५३, डावीकडे उणे ५४, मधे शून्य, उजवीकडे अधिक ५४. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये २०२० साली ही सोय नव्हती, २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून आली. किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. तीच जमीन तीनदा काढायची म्हणजे प्रोसेसरची दमछाक. सेकंदाला ६० फ्रेमचा (चित्रांचा) हट्ट सोडून ३० वर स्थिर ठेवा. ६० आणि २२ मधे हिंदकळणाऱ्या चित्रापेक्षा ते डोळ्याला बरं. तीन १०८० मिळून ६२ लाख पिक्सेल होतात, एका फोर-के पडद्यापेक्षा कमीच. तीन २५६० बाय १४४० चे घेतले तर एक कोटी दहा लाख. मग कार्डाचा पंखाच उड्डाण घेतो.

विजेचं थोडक्यात. कॅबिनेट साडेतीनशे-चारशे वॉट आणि तीन मॉनिटर मिळून नव्वदेक. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉट देतो, म्हणजे लाईट गेल्यावर तो एकदा किंचाळतो आणि विमानासकट जमिनीवर येतो. ११०० व्हीएचा सुमारे ६६० वॉट देतो, त्यात नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. लाईट परत आली की सगळ्या खिडक्या मधल्या मॉनिटरवर गोळा झालेल्या असतात, लग्नात एकाच फोटोत घुसणाऱ्या नातेवाइकांसारख्या. आणि हे साडेचारशे-पाचशे वॉट शेवटी उष्णताच असतात. एप्रिलात दुपारी उडू नये.

जुळणी बरोबर आहे का हे बघायची माझी रीत ठरलेली आहे. कोल्हापूरच्या ०७ धावपट्टीवरून निघायचं, सांगली किंचित डावीकडे धरायची, २० नॉटिकल मैल, सेसना १७२ ला दहा-बारा मिनिटं. वाटेत विमान ३० अंश कलवायचं. क्षितिजाची तिरकी रेघ तिन्ही पडद्यांतून सरळ गेली पाहिजे. चौकटीपाशी पायरी पडली तर मॉनिटरची उंची चुकली, चौकटीपाशी मोडून वाकली तर कोन चुकला. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा पालथं.

हे सगळं जमलं की माणूस मोठ्या उमेदीने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी, मारायला घेतो. मनात एकच इच्छा असते: धावपट्टीला समांतर उलटं जाताना ती डाव्या खिडकीतून, खऱ्या वैमानिकाला दिसते तशी दिसावी. समोर ५३ आणि दोन्हीकडे ५४-५४ मिळून १६१ अंश. म्हणजे डावीकडे साडेऐंशी. आणि बरोबर बाजूला आलेली धावपट्टी असते ९० अंशांवर. मॉनिटर संपल्यावर साडेनऊ अंश पुढे, जिथे आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार आहे. जॉयस्टिकच्या टोपीचं बटण डावीकडे दाबल्याशिवाय ती दिसत नाही, आणि ते बटण एका मॉनिटरवरही होतंच. मी आता ते न दाबता दाराकडेच बघतो. पीठ लागलेले हात कमरेवर ठेवून तिथे कुणीतरी उभं असतं, आणि वळायची वेळ झाली हे त्यावरून बरोबर कळतं.