‘मोझार्टला आजचा पियानो मिळाला असता तर...’ या दाव्याला उत्तर

‘मोझार्ट-बेथोव्हेनला आजचा स्टाइनवे कंपनीचा पियानो मिळाला असता तर त्यांनी आपले टिणटिण वाजणारे पियानो फेकून दिले असते, मग त्यांच्या सोनाटा (वाद्यासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचना) त्याच वाद्यांवर ध्वनिमुद्रित करण्यात काय अर्थ?’ पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांमध्ये हा दावा सतत फिरत असतो. सोबत कारणंही येतात: बेथोव्हेन स्वतःच पियानोला नावं ठेवायचा, जुन्या वाद्याचा आवाज लहान, आणि दोनशे वर्षांत झिजलेलं वाद्य काय वाजणार? मला हे साफ नामंजूर आहे.

मोझार्टने १७ ऑक्टोबर १७७७ला ऑग्सबर्गहून वडिलांना पत्र लिहिलं. त्यात तिथला पियानो बनवणारा स्टाइन याच्या पियानोची तोंडभरून स्तुती आहे: पट्टी कशीही दाबा, नाद एकसारखा येतो, सूर हवा तेव्हा थांबतो. नाइलाजाने वाद्य चालवून घेणारा माणूस असं लिहीत नाही.

बेथोव्हेनची कुरकूर खरी आहे. पण लिहिताना तो समोरच्या वाद्याचाच विचार करत होता. १८०१च्या त्याच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग घ्या. हा सगळा भाग तारांवरचे दाबक (सूर थांबवणारे तुकडे) उचलूनच वाजवा, अशी त्याची स्पष्ट सूचना आहे. तेव्हाच्या व्हिएन्नी पियानोत हातोड्या लहान, त्यांवर चामडं, तारा बारीक, सांगाडा लाकडी. सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लवकर विरते, म्हणून आधीचे सूर पुढच्या सुरांमागे फिकट सावलीसारखे राहतात. आजच्या पियानोत ओतीव लोखंडाची चौकट, जाड तारा आणि नमद्याच्या हातोड्या असतात. तिथे तीच सूचना शब्दशः पाळली की थोड्याच वेळात सगळा गाळ होतो. त्यामुळे बहुतेक वादक स्वरसंगती बदलली की दाबक उचलून धरणारं पायाखालचं पेडल सोडून पुन्हा दाबतात, म्हणजे बेथोव्हेनचं लिखित म्हणणं बाजूला ठेवतात.

बेथोव्हेनच्याच ‘पाथेटिक’ सोनाटाचा पहिला आघातही तसाच. जोरात वाजवून लगेच हळू, अशी खूण आहे. व्हिएन्नी पियानोवर तो आघात आपसूक ओसरतो. आधुनिक पियानोवर मात्र तो घुमतच राहतो आणि वादकाला पेडलची कसरत करून आवाज खाली आणावा लागतो.

आवाज लहान असतो, हे दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात कबूल. पण ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वाद्याजवळच असतो, तेव्हा हा आक्षेप उरतच नाही. खरी अडचण वेगळीच. हवेतला दमटपणा बदलला की लाकडी सांगाडा हलतो आणि वाद्य पुन्हा पुन्हा सुरात लावावं लागतं. त्या पियानोंत पेडलऐवजी असलेल्या, गुडघ्याने दाबायच्या तरफेचा खटकाही टेपवर येतो.

राहिला झिजल्याचा मुद्दा. यातली कितीतरी वाद्यं नवीच असतात. पॉल मॅकनल्टी चेक प्रजासत्ताकात वाल्टर आणि ग्राफ या व्हिएन्नातल्या जुन्या कारागिरांच्या पियानोंच्या प्रतिकृती बनवतात आणि पियानोवादक रोनाल्ड ब्राउटिगाम यांनी बेथोव्हेनच्या सोनाटा त्यांवरच ध्वनिमुद्रित केल्या. म्हणजे बेथोव्हेनच्या काळातल्या पियानोसारखंच, नुकतं बनवलेलं वाद्य ऐकू येतं.

आणि आधुनिक पियानो बंद करा, असं यात कोणी म्हणतही नाही. पियानोवादक पॉल बादुरा-स्कोडा यांनी बेथोव्हेनच्या बत्तीसही सोनाटा ब्योझेनडॉर्फर कंपनीच्या आधुनिक पियानोवर ध्वनिमुद्रित केल्या आणि नंतर आपल्या संग्रहातल्या जुन्या पियानोंवरही. ‘पाथेटिक’ दोन्हीकडे आहे. ती लागोपाठ ऐका.