‘स्मार्ट बोर्ड घ्या, शिक्षकाची अडचण मिटेल’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

मंगळवारी रात्री साडेनऊला धाकट्या भाऊजींचा फोन आला. “वहिनी, एक मेसेज पाठवलाय, तेवढा वाचा. शनिवारी मीटिंग आहे, ठराव करायचाय.” भाऊजी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. शाळा चौथीपर्यंत, पट ३८, मंजूर शिक्षक दोन. त्यातले एक गुरुजी गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले, ती जागा अजून रिकामीच आहे. यात्रेच्या वर्गणीतले उरलेले आणि मुंबईकर मंडळींनी घातलेले असे एक लाख साठ हजार रुपये शाळेसाठी जमलेत. ते सगळे एका मोठ्या टचस्क्रीन बोर्डात घालायचे, असं निम्म्या समितीचं ठरल्यासारखं झालंय. कारण काय, तर हा मेसेज.

मेसेज मी आधीही पाहिला होता. शिक्षकांच्या दोन ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर येऊन गेला, मी सोडून दिला. आता तो माझ्या घरातून माझ्याकडे आला आणि त्याच्या जोरावर गावाचा पैसा खर्च व्हायची वेळ आली, म्हणून हे लिहितेय. पंचवीस वर्षं वर्गात उभी आहे. तंत्रज्ञानाशी माझं वैर नाही, माझ्या वर्गात फोन रोज वापरला जातो. पण खोट्याला खोटं म्हणायला हवं.

मेसेजचा गोषवारा असा: मेंदूला चित्र शब्दांपेक्षा ६० हजार पट वेगाने कळतं. मूल वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, पाहिलेलं-ऐकलेलं ५० टक्के. आजची मुलं जन्मतःच डिजिटल आहेत. डिसले गुरुजींना जगातला पुरस्कार तंत्रज्ञानामुळेच मिळाला. बोर्ड आला की पट वाढतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘शिक्षक कमी असले तरी काळजी नको, एक स्मार्ट बोर्ड दोन वर्ग सांभाळतो.’

६० हजार पटीचं आधी उरकते. हा आकडा वर्षानुवर्षं जाहिरातींमधून आणि भाषणांमधून फिरतोय. कित्येकांनी त्याच्यामागचं संशोधन शोधलं, कुणाच्या हाती काही लागलं नाही. आणि साधा विचार करा. ‘प्रामाणिकपणा’ या शब्दाचं ६० हजार पट वेगाने कळणारं चित्र कोणतं?

टक्केवारीचा उगम मात्र ठाऊक आहे. एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९४६ साली दृक्‌-श्राव्य साधनांवरच्या पुस्तकात एक शंकू काढला. तळाला प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द. त्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. पुढे १९६७ साली दृक्‌-श्राव्य क्षेत्राच्याच एका मासिकात हे गोल गोल आकडे छापून आले, संशोधनाचा आधार न देता, आणि नंतर कुणीतरी ते डेलच्या शंकूला चिकटवले. इतकी वर्षं झाली, बी.एड.च्या वर्गातही ते शिकवले जातात. मलाही शिकवले होते आणि मीही एका शिक्षण परिषदेत ते फळ्यावर लिहिले होते, हे सांगायला हवं. कोणत्याही खऱ्या चाचणीत १०, २०, ३०, ५० असे रांगेत उभे राहणारे आकडे येत नसतात. काय वाचलं, कुणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, यावर सगळं अवलंबून असतं.

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं त्याकडे येते. ‘एक स्मार्ट बोर्ड दोन वर्ग सांभाळतो.’

सांभाळतो म्हणजे नेमकं काय करतो? काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे लोकवर्गणीतून असाच पडदा आणि प्रोजेक्टर आला होता. दुसरीचा वर्ग, १९ मुलं, हातच्याची वजाबाकी. व्हिडिओ सुरेख होता. दशकाचा एक मनोरा चालत एककाच्या घरात यायचा आणि फुटून त्याचे दहा ठोकळे व्हायचे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोनदा लावायला लावला. “समजलं?” “होऽऽ!” मग पाटीवर ४२ वजा १७ घातलं. १९ पैकी ११ पाट्यांवर ३५. दोनातून सात जात नाहीत ना, मग मुलांनी सातातून दोन काढले. चारातून एक गेला, तीन. उत्तर तयार. मनोरा फुटताना सगळ्यांनी पाहिला होता, पण तो का फुटला ते अकरा जणांना कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुरीच्या काड्या आणि रबरं घेऊन बसलो. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. “यातून सतरा मला दे.” एका मुलीने गठ्ठा दिला, सुट्या दोन दिल्या आणि थांबली. बराच वेळ गठ्ठ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “बाई, रबर काढू का?”

तो प्रश्न म्हणजे हातचा. तो तिच्या तोंडून यायला दोन-तीन मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी गप्प बसले म्हणून तो आला. पडद्यावरचा मनोरा कुणासाठी थांबत नाही. तो ठरल्या सेकंदाला फुटतो, समोरच्या मुलीला कळो न कळो. कोण अडलंय, कुठे अडलंय, आत्ता बोलायचं की गप्प बसायचं, हे बघायला माणूस लागतो.

हा फक्त माझा अनुभव नाही. गुजरातेत ज्ञानशाला ही संस्था गरीब मुलांच्या छोट्या शाळा चालवते. तिथे गणिताच्या संगणक-कार्यक्रमाची चाचणी झाली आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. काही शाळांत मुलं शाळेच्याच वेळात, शिक्षकाच्या शिकवण्याचा काही वेळ कापून, संगणकावर बसली. काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जादा सराव म्हणून दिला. शिक्षकाचा वेळ कापला तिथली मुलं, संगणक दिला नसता तर जेवढं गणित शिकली असती त्याहून स्पष्टपणे कमी शिकली. जादा सराव मिळालेल्या मुलांचे गुण वाढले, आणि कच्च्या मुलांचे जास्त वाढले. ज्ञानशालेतलं मूळचं शिकवणं आखीव होतं, म्हणून तोटा ठळक दिसला, हेही त्या अभ्यासात आहे. पण बोर्ड घेण्याआधी समितीने वाचावं असं एकच काही मला विचारलं तर मी हेच सांगेन. यंत्र तेच, मुलं तशीच. बाईंच्या जोडीला दिलं तर फायदा, बाईंच्या जागी दिलं तर नुकसान. मेसेज आपल्याला नेमकं नुकसानीचं तेवढं करायला सांगतोय.

आणि आमच्या शाळेत त्याचा अर्थ काय होईल ते मला स्वच्छ दिसतं. पहिली-दुसरीच्या खोलीत बोर्ड लावून ठेवायचा आणि एकट्या बाई शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी घेणार. सहा वर्षांची मुलं तास-तासभर पडद्यासमोर. समितीला वाटणार, चाललंय की. रिकाम्या जागेसाठी पंचायत समितीत खेटे घालायचं बंद होणार. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आपला पट ३८ आहे. दुसरा शिक्षक हा कुणाचा उपकार नाही, त्या मुलांचा हक्क आहे. तो हक्क दीड लाखाच्या पडद्यामागे झाकला गेला तर पुढच्या संचमान्यतेला, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, तो मागणार कोण?

‘जन्मतःच डिजिटल’ फार बोलण्यासारखं नाही. २०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरलेली ५७ टक्के निघाली, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोनवर बोट सराईत फिरतं, एवढाच त्याचा अर्थ.

पट वाढतो का? पहिल्या वर्षी वाढतो, मी पाहिलंय. पालक बघायला येतात, फोटो काढतात. मग वीजबिल थकतं, जोडणी तुटते. बोर्डातल्या धड्यांची वर्गणी वर्षाने संपते आणि नूतनीकरणाचे पैसे कुणी धरलेले नसतात. वर सांगितलेल्या शाळेतला तो प्रोजेक्टर दिवा गेल्यावर कपाटात गेला. मी बदलून आले तेव्हा त्याच्यावर पोषण आहाराच्या नोंदवह्या रचलेल्या होत्या.

डिसले गुरुजींचं नाव वापरलंय याचं मला वाईट वाटलं. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला हे खरं, त्यांच्या क्यूआर कोडचं नाव झालं हेही खरं. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी आधी काय केलं? मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती, म्हणून ते स्वतः ती भाषा शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्यांना कोड जोडले. आधी मुलं कुठे अडतात ते पाहिलं, मग हाताशी होतं ते स्वस्त तंत्र लावलं. कागदावर छापलेला एक चौकोन. लाखाची वस्तू आधी घेऊन मग तिला काम शोधलं नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करते, जरा नाइलाजाने का होईना. मेसेजच्या मुळाशी एक गोष्ट बरोबर आहे: काही गोष्टी दाखवल्याशिवाय कळत नाहीत. माणदेशातल्या मुलाला भरती-ओहोटी शब्दांत किती सांगणार? किनाऱ्यावरचं पाणी सहा तासांत कसं मागे जातं ते एका मिनिटाच्या चित्रफितीत दिसतं. कळी उमलताना, सुरवंटाचा कोश होताना, वरून दिसणारं आपलंच गाव, इथे पडद्याला पर्याय नाही. गणितातही सराव म्हणून संगणक उपयोगी पडतो. वडोदऱ्यात चौथीची मुलं एका संगणकावर दोघं-दोघं बसून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळली आणि त्यांचं गणित चांगलंच सुधारलं, असं अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. तो खेळ मुलाच्या उत्तरांप्रमाणे सोपा-अवघड होत होता. भिंतीवरच्या एका मोठ्या बोर्डावर अडतीस मुलांना एकच प्रश्न दिसतो. समितीने हा फरक ध्यानात घ्यावा.

माझ्या वर्गातलं सगळ्यात कामाचं तंत्रज्ञान म्हणजे माझ्या फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचं बटण. जुलैत प्रत्येक मुलाचं एक मिनिट वाचन टिपून ठेवते. दिवाळीनंतर तोच उतारा पुन्हा वाचायला लावते आणि दोन्ही त्याला ऐकवते. मागच्या वर्षी तिसरीतला एक मुलगा स्वतःचं जुलैचं वाचन ऐकून म्हणाला, “बाई, ह्यो कोण अडखळतोय?” दोन्ही आवाज त्याचेच आहेत म्हटल्यावर त्याने ते चार वेळा ऐकले, आणि मग आईला ऐकवायला मागितले. याला एक रुपया लागला नाही.

भाऊजींना मी फोनवर एवढंच म्हटलं की बोर्ड घ्यायला माझी ना नाही, पण विक्रेत्याला आधी विचारा: यावर कोणत्या इयत्तेचा कोणता धडा घ्यायचा, जो फळ्यावर, काड्यांनी किंवा पुस्तकावरच्या क्यूआर कोडने होत नाही? धड्यांची वर्गणी दुसऱ्या वर्षी किती? बिघडल्यावर साताऱ्याहून माणूस किती दिवसांत येणार, आणि तसं लिहून देणार का? वीजबिल कोण भरणार, हे विक्रेत्याला नाही, ग्रामपंचायतीला विचारा. यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर ठराव पुढे ढकला.

“मग पैशांचं काय करायचं?” भाऊजींनी विचारलं. मी सुचवलं ते असं: एक साधा चांगला टीव्ही, पेन ड्राइव्ह आणि बॅटरीचा इन्व्हर्टर. दोन टॅब, शाळा सुटल्यावर अर्धा तास जोडीने सरावाला, बाईंना जमेल त्या दिवशी. उरलेल्या पैशांत पुस्तकं, आणि दुसरा शिक्षक येईपर्यंत गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीला मानधन. ती दोन वर्षं घरी बसून भरतीची वाट बघतेय.

आणि शनिवारी बोर्डाच्या ठरावाआधी दुसरा ठराव घ्या म्हटलं, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे: पट ३८, मंजूर पदे दोन, कार्यरत एक, रिक्त पद तातडीने भरावे. मसुदा मी रात्रीच लिहून पाठवला. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय पंचायत समितीतून उठू नका. भाऊजींचा सकाळी निरोप आला, पहिल्या दोन सह्या झाल्यात. दोन्ही पहिलीतल्या मुलांच्या आयांच्या.