नव्व्याण्णव नंबरच्या आडोशाला

२०२५ चा ऑक्टोबर न्यूयॉर्ककरांना फार वाईट गेला. ८ तारखेला शहराचा बेसबॉल संघ यँकीज प्लेऑफमधून, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतून, बाहेर पडला. १२ तारखेला जेट्स लंडनला जाऊन हरून आले. १९ च्या रविवारी जेट्स आणि जायंट्स हे शहराचे दोन्ही अमेरिकन फुटबॉल संघ काही तासांच्या अंतराने आडवे झाले. मध्येच १४ तारखेला मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपला, म्हणजे पायाने खेळायचा, फुटबॉल संघ सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकात जायची आशा संपली. मी न्यू जर्सीत राहते, माझी मावसबहीण मडगावात. सगळ्याचं सुतक एकाच फोनवर पाळून झालं.

फातोर्डानंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर जे सुरू झालं ते तुमच्याही ग्रुपवर झालं असेल. एका काकांचं म्हणणं, आपल्याकडे व्यक्तिपूजा फार, एक देव शोधायचा आणि बाकीच्यांनी टाळ कुटायचे. दुसऱ्यांचं म्हणणं, अमेरिकेत बघा कशी सिस्टिम असते. मग अमेरिकेत राहणारी म्हणून माझ्याकडून दुजोऱ्याची अपेक्षा. मी तो दिला नाही, आणि का दिला नाही ते ग्रुपवर मावेना.

आधी व्यक्तिपूजेचं. यँकी स्टेडियमच्या उजव्या बाजूला ‘जजेस चेंबर्स’ नावाचा एक कोपरा आहे. लाकडी कठडे लावून कोर्टासारखा सजवलेला. तिथे बसणारे लोक काळे झगे घालतात, कुणी पांढरे केसांचे टोपही चढवतात, आणि हातात फोमचे हातोडे घेऊन ओरडतात. हे सगळं एका माणसासाठी: ॲरन जज, सहा फूट सात इंच, पाठीवर ९९ नंबर. २०२२ मध्ये त्याने ६२ होमरन, म्हणजे थेट सीमेपलीकडचे फटके, मारून रॉजर मॅरिसचा १९६१ चा अमेरिकन लीगमधला विक्रम मोडला. त्या हंगामाआधी यँकीजनी सात वर्षांसाठी पुढे केलेले २१ कोटी ३५ लाख डॉलर त्याने नाकारले होते. हंगामानंतर तोच करार नऊ वर्षांचा आणि ३६ कोटींचा झाला. २०२५ मध्ये ५३ होमरन, आणि सरासरी .३३१, संपूर्ण बेसबॉलमध्ये सगळ्यात वरची. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की एवढा लांब मारणारा माणूस सहसा इतक्या सातत्याने मारत नाही.

७ ऑक्टोबरला त्याने जे केलं ते मी घरी टीव्हीवर पाहिलं. टोरोंटोविरुद्ध मालिकेत यँकीज ०-२ ने मागे, हा सामना गेला की सगळं संपलं. तिसऱ्या डावात टोरोंटो ६-१ ने पुढे. चौथ्यात ६-३ झालेलं, दोघे बेसवर, जजवर दोन स्ट्राइक, तिसरा म्हणजे बाद. पुढचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या आसपास, स्ट्राइकच्या हद्दीच्या बाहेर, जवळजवळ त्याच्या हातांवर येणारा. तो सोडायचा चेंडू होता. त्याने कोपरं आत ओढून तो मारला, आणि तो डावीकडे उंच जाऊन सीमेच्या पिवळ्या खांबावर आदळला. खांबाला लागला म्हणजे होमरन, बेसवरचे दोघे आणि तो मिळून तीन धावा. ६-६. स्टेडियम वेडं झालं, सामना यँकीजनी ९-६ असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी ५-२ ने हरून ते घरी गेले.

त्या दोन दिवसांत मला चेन्नई आठवली नसती तर मी मराठी कसली. जानेवारी १९९९, पाकिस्तान, पाठ धरून खेळणारा सचिन, १३६. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या, आपण १२ धावांनी हरलो. आपल्या पिढीने त्या डावाच्या आठवणीवर वर्षं काढली. उरलेल्या तीन विकेट्समध्ये १७ धावा का झाल्या नाहीत, संघ असा का निवडला होता, हे प्रश्न १३६ च्या सावलीत बसले ते बसलेच. जजचंही तेच होतं. यँकीजनी शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, २००९ मध्ये जिंकली. (२०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात ५-० आघाडीवर असताना एक सोपा झेल त्याच्याच हातून सुटला आणि सगळं घरंगळत गेलं, हेही इथे कुणी विसरलेलं नाही. देव असला तरी हिशेब ठेवतात.) तरीही मोसमभर बोलणं त्याच्याच आकड्यांचं. लोक खूश राहतात, मालक निवांत राहतात.

सप्टेंबरात फुटबॉल सुरू झाला की मात्र हा आडोसा जातो, कारण जेट्स आणि जायंट्सकडे जज नाही. दोघे आमच्याच न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर खेळतात, नाव न्यूयॉर्कचं लावतात. जेट्सनी जानेवारी २०११ नंतर प्लेऑफ पाहिलेलं नाही. सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, एकच जिंकला, तो १९६९ चा. लंडनच्या त्या सामन्यात त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याला, प्रतिस्पर्ध्यांनी नऊ वेळा फेकण्याआधीच लोळवलं. पूर्ण सामन्यात पासने मिळवलेलं निव्वळ अंतर: उणे १० यार्ड. इतकं मागे जायला कौशल्य लागतं. जायंट्सचं त्याहून करुण. १९ तारखेला डेन्व्हरमध्ये शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा ते १९-० ने पुढे होते. त्या एका क्वार्टरमध्ये डेन्व्हरने ३३ गुण केले आणि ३३-३२ ने सामना नेला. टचडाउननंतरची, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्यावरची, एका गुणाची जी किक कुणीही सहसा चुकवत नाही, ती जायंट्सच्या किकरने दोनदा चुकवली होती, आणि हरले एका गुणाने. लीगमध्ये याआधीच्या १६०२ सामन्यांत, शेवटची सहा मिनिटं राहिलेली असताना १८ किंवा जास्त गुणांनी पुढे असलेला संघ सलग जिंकला होता.

आता काकांची सिस्टिम. कागदावर ती खरोखर सुंदर आहे. जो संघ सर्वांत वाईट खेळतो त्याला पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंतून पहिली निवड. प्रत्येक संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची सारखी मर्यादा, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर. टीव्हीचे राष्ट्रीय हक्क विकून आलेला पैसा सगळ्या ३२ संघांत सारखा वाटला जातो. इतकी समता आपल्या सहकारी साखर कारखान्यांतही नसेल. तरीही जेट्स तळाशीच. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने त्यांनी सॅम डार्नल्ड हा क्वार्टरबॅक घेतला, तीन हंगामांत घालवला, आणि २०२४ मध्ये त्याने मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. जायंट्सचा, चेंडू घेऊन धावणारा, सेक्वॉन बार्कली फिलाडेल्फियाला गेला. तो तिथे गेला तर मला झोप लागायची नाही, असं जायंट्सचे मालक जॉन मारा आधी कॅमेऱ्यासमोर बोलले होते. तो गेला, २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. म्हणजे माणसं चांगलीच येतात. इथून बाहेर पडली की फुलतात.

नियम सारखे, संधी सारखी, मग फरक कुठे? मालकात. वुडी जॉन्सन यांनी २००० मध्ये जेट्स ६३ कोटी ५० लाख डॉलरना घेतले. आज फोर्ब्सचा अंदाज आठ अब्जांच्या पुढचा आहे. या पंचवीस वर्षांत संघाने काय दिवे लावले ते वर आलंच. २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने केलेल्या पाहणीत जेट्सच्या खेळाडूंनी जॉन्सन यांना ‘एफ’ दिला, म्हणजे नापास. त्यावर काही झालं का? सात सामने हरल्यावर त्यांनी पत्रकारांसमोर बोट दाखवलं ते क्वार्टरबॅककडे. युरोपातल्या फुटबॉलसारखी खालच्या वर्गात घसरण्याची भीती इथे नाही, टीव्हीचा वाटा ठरलेला. माझा एक सहकारी आहे, त्याने आपल्या खुर्च्यांवरचा हक्क हजारो डॉलर एकरकमी भरून घेतलाय. तिकिटाचे पैसे वेगळे. तिकीट सोडलं तर तो हक्कही जातो, म्हणून दर वर्षी शिव्या घालत पैसे भरतो. हरण्याचा खर्च त्याच्या खिशातून जातो, मालकाच्या नाही.

म्हणून मी ग्रुपवर दुजोरा दिला नाही. भारतीय फुटबॉलची गोष्ट मला याहून फार निराळी वाटत नाही. आपला ‘९९ नंबरवाला’ म्हणजे सुनील छेत्री. २०१८ मध्ये अंधेरीत भारत-चायनीज तैपेई सामन्याला २५६९ लोक आले, तेव्हा त्याने व्हिडिओ काढून हात जोडले: शिव्या द्या, पण स्टेडियमवर येऊन द्या. पुढच्या सामन्याला मैदान भरलं. लाज वाटायला हवी होती भारतीय फुटबॉल महासंघाला, हात जोडले कर्णधाराने. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. ९५ आंतरराष्ट्रीय गोल करणारा, एक्केचाळिशीतला माणूस २०२५ मध्येही पुढच्या फळीत लागला, यात त्याचं कौतुक आहेच. पण त्याच्या मागे कुणी तयारच केला नाही, हा प्रश्न त्याच्या कौतुकाखाली दबतो.

एका बाबतीत मात्र आपण न्यूयॉर्कच्या पुढे आहोत, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आपल्याकडे वरच्या माणसाला हलवता येतं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून महासंघाचे अध्यक्ष होते. मुदत संपूनही निवडणूक होईना, तेव्हा मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकांकडे दिला. ऑगस्टमध्ये फिफाने बंदी घातली, ती दहा-बारा दिवसांत उठली, निवडणूक झाली. वुडी जॉन्सन यांना कुठल्या कोर्टात खेचणार? अर्थात त्या निवडणुकीत पुढे काय झालं तेही सांगायला हवं. एका बाजूला भारताचे माजी कर्णधार बायचुंग भूतिया, दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे. चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी निवडून आले. मतदार राज्य संघटना, प्रेक्षक नव्हेत. तेव्हा दार आहे, पण किल्ली आपल्याकडे नाही.

दोन्हीकडची दुःखं एका मापाची आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये जेट्सच्या पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूलाही नियमाने किमान ८ लाख ४० हजार डॉलर मिळत होते, संघ सगळे सामने हरला तरी. आपल्याकडे त्याच वर्षी आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा, हंगामच जुलैपासून लटकला होता, कारण लीग चालवणारी कंपनी आणि महासंघ यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचा ठरलेला नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरूसारख्या क्लबाने पहिल्या संघाचे पगार थांबवले. इथे हरणं मालकाला परवडतं म्हणून चालतं. तिथे हरायलाही सामना नव्हता. ऑक्टोबरात महासंघाने नवा व्यावसायिक भागीदार शोधण्यासाठी निविदा काढली, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी रुपयांची हमी मागितली.

हे लिहीपर्यंत जेट्सनी सिनसिनाटीत ३९-३८ असा एक सामना जिंकलाय. सहकारी सोमवारी हिरवी जर्सी घालून ऑफिसात आला. मावसबहिणीला फोनवर वुडी जॉन्सनपुराण ऐकवलं: असा मालक एकदा चिकटला की निघत नाही, निविदा भरणाऱ्यांना जरा पारखून घ्यायला सांगा तुमच्या महासंघाला. तिचा मुलगा मडगावात एका अकादमीत खेळतो, चौदा वर्षांच्या आतल्या गटात. ती म्हणाली, “ताई, चिकटायला आधी कुणीतरी यायला तरी हवा ना!”