"वर्गातला गेम म्हणजे कोकेन" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, मी शाळेत चिठ्ठी दिली बघ, पोरीला कम्प्युटरच्या तासाला बसवू नका म्हणून. तिथं गेम खेळायला लावायलेत." भाची चौथीत आहे, जुळे सोलापुरात शाळा. कारण विचारलं तर तिने तोच 'पालकांनो सावधान' वाला मेसेज पाठवला जो मला आधी सोसायटीच्या आणि भावकीच्या ग्रुपवर येऊन गेलेला. दोन्ही वेळा मी डिलीट केला, तेव्हाच उत्तर द्यायला पाहिजे होतं.

मेसेजचं म्हणणं असं: वीस मिनिटं गेम म्हणजे मेंदूला कोकेनचा डोस, हे सायन्सने सिद्ध झालंय. सरकारने गेमवर बंदी आणलीय म्हणून शाळेतले गेम बेकायदा. चीननेही मुलांचे गेम बंद केले. गेममुळे पोरं हिंसक होतात. आणि गेम खेळून कोणी काही शिकत नाही, म्हणून शाळेला लेखी द्या.

कोकेनचं आधी घेतो, कारण आया घाबरतात त्या याच वाक्याला. हे निघालंय १९९८ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या लंडनच्या एका प्रयोगातून. आठ जण, सगळे मोठे पुरुष, रणगाड्याचा गेम खेळत होते, पुढच्या लेव्हलला गेलं की पैसे मिळायचे, आणि तेव्हा मेंदूचं स्कॅनिंग चालू होतं. डोपामिन, म्हणजे काही आवडलं की मेंदूत सुटणारं रसायन, वाढलेलं दिसलं. ती वाढ उत्तेजक औषधाच्या इंजेक्शननंतर दिसते तेवढी आहे असं संशोधकांनी लिहिलं, हे खरंय, लपवायचं कारण नाही. पण त्यात कोणाला कोकेन दिलेलं नव्हतं, एकही लहान मूल नव्हतं, वर्ग नव्हता, अभ्यासाचा गेम नव्हता. आणि डोपामिन वाढणं म्हणजे व्यसन नव्हे, आवडीचं खाताना, गाणं ऐकतानाही ते वाढतं. कोकेन वेगळंच काहीतरी करतं, सुटलेलं डोपामिन परत आत घेण्याची मेंदूची जी वाट असते तीच ते अडवून धरतं. अपूर्णांकाचा गेम खेळणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीला असल्या मेसेजमधून नशेडी ठरवायचं, याचा मला खरंच राग आलाय.

बंदीचं. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम. शिक्षणासाठीच्या गेमना त्याच कायद्यात उलट प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेमसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तास ठरवून दिला, ती मर्यादा आहे आणि ती करमणुकीच्या गेमवर आहे. हिंसेचा वाद गोळीबाराच्या गेमवरून चालतो, त्याचा बेरीज-वजाबाकीशी काही संबंध नाही.

आता "कोणी काही शिकत नाही". नेदरलँड्सच्या संशोधकांनी ३९ अभ्यास एकत्र तपासून २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'त छापलं की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा गेममधून शिकलेल्यांना जास्त आलं आणि जास्त दिवस लक्षात राहिलं. फरक फार मोठा नाही, पण आहे. जास्त फायदा कधी, तर गेमच्या जोडीला शिक्षकाचं शिकवणं असेल, एकापेक्षा जास्त तास मिळाले असतील आणि मुलं गटात खेळली असतील तेव्हा. आणि गेममुळे अभ्यासाची गोडी लागते असं जे दुसऱ्या बाजूचे लोक छातीठोक सांगतात, ते मात्र यात सिद्ध झालं नाही, हेही लिहितो. आपल्याकडच्या भाषेत, शेंगाची चटणी भाकरीसोबत खायची असते, नुसत्या चटणीवर जेवण होत नाही.

भाचीलाच विचारलं काय खेळता म्हणून. अंकांची रेष असते, वरून फुग्यात अपूर्णांक येतो, तो बरोबर जागी सोडायचा. ती म्हणाली, "मामा, मला आधी पाव हा एक तृतीयांशापेक्षा मोठा वाटायचा, कारण चार मोठा ना." मी संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेतो, ही चूक सातवीपर्यंत पोरं करतात, आणि फळ्यापाशी चुकली की बाकीची हसतात म्हणून दुसऱ्यांदा हातच वर करत नाहीत. तिथं फुगा चुकीच्या जागी फुटला, तिनं परत सोडला, दहाव्यांदा जमला, मग बाईंनी भाकरीचे तुकडे काढून ते का जमलं ते सांगितलं.

अन् हे काही कालचं खूळ नाही, अमेरिकेत मिनेसोटात १९७१ मध्येच आठवीच्या इतिहासाच्या वर्गासाठी 'द ओरेगन ट्रेल' नावाचा गेम बनवला होता. आणि वर्गात तंत्रज्ञान आणलं म्हणून २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवायचे. त्यांचं काम क्यूआर कोडचं, गेमचं नव्हे, पण स्क्रीन आली की शिक्षण संपतं म्हणणाऱ्यांनी निदान माढा तालुका बघावा.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते एवढंच की गेमचं व्यसन लागू शकतं. डब्ल्यूएचओने तो आजार म्हणून नोंदवलाय, पण त्यासाठी साधारण वर्षभर गेमवरचा ताबा सुटून रोजचं जगणं बिघडलेलं असावं लागतं, आठवड्यात एक तास नव्हे. आणि फुकटच्या गेममध्ये जाहिराती असतात, काही ठिकाणी गेम लावून देऊन शिक्षक रजिस्टर भरत बसतात, त्याची तक्रार जरूर करा. बहिणीलाही तेच म्हणालो, शाळेत जाऊन विचार की कोणता गेम, किती वेळ, जाहिराती येतात का, बाई सोबत असतात का.

पुढचा तास गुरुवारी आहे. चिठ्ठी परत घ्यायला बुधवारी आम्ही दोघं जातोय.