त्या रांगेतल्या स्टेफाबाई

१९३९ सालच्या वसंतात स्टेफानिया विल्चिन्स्का पॅलेस्टाईनमधल्या एन हारोद या सामूहिक वसाहतीत राहत होत्या. वय ५२. ओळखीची माणसं होती, हाताला काम होतं आणि मुख्य म्हणजे जिवाला धोका नव्हता. युरोपात युद्ध पेटणार हे तोवर दिसू लागलं होतं. ज्यू माणसं पोलंडमधून बाहेर पडायची वाट शोधत होती आणि या बाई मात्र सामान बांधून वॉर्साला परत आल्या. तिथल्या अनाथाश्रमातली मुलं त्यांची होती.

हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं नसेल. यानुश कोर्चाक हे नाव मात्र ऐकलेलं असेल. नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या वस्तीतल्या अनाथ मुलांना सोडून जायला नकार देणारे, त्यांच्यासोबत ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत गेलेले डॉक्टर. दर ऑगस्टमध्ये त्यांच्यावर पोस्टी फिरतात. मीही वाचते, दर वेळी घशात आवंढा येतो. पण त्या पोस्टींमध्ये डॉक्टर एकटेच असतात. त्यांच्यामागे मुलं, आणि बाकी कोणीच नाही. हे मला आता सहन होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे त्या दिवसाच्या हकिकतीत मला सगळ्यात आधी दिसते ती रांग.

५ ऑगस्ट १९४२. सकाळी अनाथाश्रमाच्या दारात हुकूम आला, सगळ्यांनी बाहेर या. तयारीला मिळाला तो थोडा वेळ. मुलं २०० च्या आसपास, त्यातली कित्येक अगदी लहान. उपासमारीने अशक्त झालेली. रस्त्यावर बंदुका, आरडाओरडा, ऑगस्टचं ऊन. आणि ही मुलं ओळीने, शांतपणे, मोठ्यांचे हात धरून गाड्यांच्या फलाटाकडे चालत गेली. ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी बारीकसारीक तपशिलांत जुळत नाहीत. कोणी झेंडा होता म्हणतं, कोणी गाणं म्हणत होती म्हणतं. पण शिस्तीबद्दल जवळपास सगळे बोलतात. फलाटावर लोकांना वाचवायची धडपड करणारे नाहुम रेंबा यांनी लिहून ठेवलं आहे की पहिल्या तुकडीच्या पुढे कोर्चाक होते आणि दुसऱ्या तुकडीच्या पुढे स्टेफानिया विल्चिन्स्का.

आता ज्यांनी कधी मुलांची रांग लावली आहे त्यांना विचारा. ४० मुलं वर्गातून मैदानावर न्यायची म्हटली तरी कोणाची चप्पल सापडत नाही, कोणाला ऐनवेळी शू लागते, कोणी मैत्रिणीचा हात सोडायला तयार नसतं, कोणी भोकाड पसरतं. हे सगळं शांततेच्या दिवशी. मग त्या सकाळी २०० घाबरलेली मुलं ओळीत कशी उभी राहिली? एका माणसाच्या थोर मनामुळे? माझा यावर विश्वास नाही. अशी रांग आयत्या वेळी लागत नाही. रोज सकाळी तोच आवाज ऐकून, रोज रात्री तीच व्यक्ती पांघरूण घालायला येते हे अनुभवून, वर्षानुवर्षांनी मुलं एखाद्याचं इतकं ऐकतात. तो आवाज बाईंचाही होता. मला तर वाटतं, बराचसा बाईंचाच होता.

त्यांचं आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म १८८६, वॉर्सा, खातंपितं ज्यू घर. बेल्जियममध्ये लिएज इथे निसर्गविज्ञान शिकल्या आणि परत येऊन अनाथ मुलांच्या एका आश्रयगृहात विनावेतन काम करू लागल्या. तिथेच १९०९ च्या सुमारास कोर्चाकांशी गाठ पडली. १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर नवीन इमारतीत अनाथाश्रम सुरू झाला, डॉक्टर संचालक आणि या मुख्य शिक्षिका. दोनच वर्षांत पहिलं महायुद्ध आलं, डॉक्टर रशियन सैन्यात लष्करी वैद्य म्हणून गेले आणि युद्धाची सगळी वर्षं अनाथाश्रम बाईंनी एकट्याने चालवला. मुलं त्यांना 'पानी स्टेफा' म्हणत. आपल्याकडची मुलं 'बाई' म्हणतात तसंच, म्हणून मी स्टेफाबाईच म्हणते.

त्या अनाथाश्रमाची जी कीर्ती आहे ती वाचताना आजही थक्क व्हायला होतं. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलंच. कायद्याच्या कलमांत पहिली कितीतरी कलमं क्षमेची, आणि हजाराव्या कलमाला हकालपट्टी. कोर्चाकांनी स्वतः लिहिलंय की सहा महिन्यांत त्यांच्यावर पाच वेळा खटला चालला, त्यातला एक मुलाचा कान ओढल्याबद्दल. कान ओढला म्हणून संचालकाला मुलांसमोर जाब द्यावा लागतो! शंभर वर्षांपूर्वी! मुलाला मान असतो हे जगाच्या कायद्यात लिहिलं जायला पुढे १९८९ उजाडलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या त्या बालहक्क कराराचा प्रस्ताव पोलंडनेच मांडला होता.

पण कल्पना डॉक्टरांच्या असल्या तरी डॉक्टर लिहीत होते, व्याख्यानं देत होते, रेडिओवर बोलत होते, दुसऱ्या एका अनाथाश्रमाचंही पाहत होते. इथे शंभरावर मुलांच्या घरात कोणाच्या बुटाचा तळ गेलाय, कोण रात्री अंथरूण ओलं करतं, कोण दोन दिवस गप्प गप्प आहे, हे कोण पाहत होतं? जे तरुण तिथे शिक्षक व्हायला शिकत, ते दिवसभराची निरीक्षणं वहीत लिहीत आणि बाई त्या वह्या वाचून उत्तरं लिहीत. सगळ्यांची निजानीज झाल्यावर, दिवसभर उभं राहून झाल्यावर. वह्या तपासणं काय असतं हे मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

१९४० च्या नोव्हेंबरमध्ये अनाथाश्रमाला ज्यू वस्तीच्या भिंतीआड जावं लागलं. त्या स्थलांतरात मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी पहारेकऱ्यांनी अडवून ठेवली. कोर्चाक जाब विचारायला गेले, तेही पोलिश सैन्याच्या गणवेशात आणि ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरची पट्टी न बांधता. त्यांना मारहाण झाली, तुरुंगात टाकलं. महिनाभराने सुटले. ही त्यांच्या निर्भयपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि आहेच ती तशी. पण तो महिना नव्या जागेत, थंडीत, बटाट्यांशिवाय मुलांना सांभाळायला बाई होत्या. त्याआधी त्याच वर्षी एन हारोदच्या मित्रमंडळींनी त्यांना बाहेर काढायची खटपट केली होती. त्यांनी रेडक्रॉसमार्फत कळवलं की मुलांना सोडून यायचं नाही. कोर्चाकांनी नकार दिला हे आपल्याला पाठ आहे. नकार दोघांनी दिला होता.

शेवटच्या महिन्यातली एक गोष्ट भारतीय माणसाला चटका लावते. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. आजारी अमल, घराबाहेर जायची बंदी, खिडकीतून दिसणारं जग आणि राजाच्या पत्राची वाट. मुलांनी मृत्यूला न घाबरता सामोरं जावं म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं. बसवलं होतं एस्तेर विनोग्रोन या तरुण मदतनीस मुलीने. चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्साच्या ज्यू वस्तीतून ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या.

त्या रांगेत आणखीही मोठी माणसं होती. बाल्बिना ग्झिब, साबिना लेझेरोविच, रुझा श्टोकमन आणि इतर. शिवणकाम, स्वयंपाक, हिशेब बघणारी माणसं. फलाटावर रेंबांनी कोर्चाकांना सुचवलं होतं की वस्तीचा कारभार पाहणाऱ्या ज्यू मंडळाकडे चला, कदाचित काही करता येईल. त्यासाठी मुलांना थोडा वेळ एकटं सोडावं लागलं असतं, म्हणून ते गेले नाहीत. मला हे वाचून सारखं वाटतं की तेव्हा मागच्या तुकडीजवळ बाई काय करत असतील. कोणाचं तरी नाक पुसत असतील. कोणाला तरी पाणी पाजत असतील. याची नोंद नाही, कारण अशा कामाची नोंद कोणी ठेवत नाही.

ट्रेब्लिंकात आज १७ हजार दगडांचं स्मारक आहे. कित्येक दगडांवर उद्ध्वस्त झालेल्या ज्यू वस्त्यांची नावं आहेत. व्यक्तीचं नाव असलेला दगड एकच: 'यानुश कोर्चाक आणि मुलं'. मुलांचा उल्लेख आहे याचं मला बरं वाटतं. बाईंचा नाही याचा राग येतो. इतकी वर्षं बरोबरीने उभं राहून, त्याच गाडीतून, त्याच ठिकाणी जाऊनही नाही.

कोणी म्हणेल, यात डॉक्टरांचं मोठेपण कमी करायचा खटाटोप कशाला? अजिबात नाही. माझ्या वर्गात मी त्यांच्या न्यायालयाची गोष्ट मुलांना सांगते आणि सांगत राहीन. पण मुलांसाठी जीव देणाऱ्या शिक्षकाची गोष्ट सांगताना आपल्याला एकच चेहरा लागतो, एकच बाणेदार क्षण लागतो, आणि तो बहुधा पुरुषाचा असतो. शाळा चालवणाऱ्या, अनाथाश्रम चालवणाऱ्या बायकांचं तीस-तीस वर्षांचं काम त्या क्षणाच्या मागे झाकून जातं. स्टेफाबाईंचा तो दिवस त्यांच्या आधीच्या हजारो दिवसांसारखाच होता: मुलं उठवा, कपडे घाला, हात धरा, चला. फरक एवढाच की त्या कुठे नेत आहेत हे त्यांना बहुधा ठाऊक होतं आणि तरी त्यांनी हात सोडला नाही.

येत्या ५ ऑगस्टला कोर्चाकांवर काही लिहिलंत, कोणाची पोस्ट पुढे पाठवलीत, तर त्यांच्या नावाशेजारी हे नाव पूर्ण लिहा: स्टेफानिया विल्चिन्स्का, शिक्षिका.