मुंजीची व्हीसीडी आणि चार टेराबाइटची टाकी

घरातले सगळे फोटो, गाणी, बारशा-मुंजींचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवायचे आणि टीव्ही, फोन, लॅपटॉप यांपैकी कशावरूनही बघायचे, ही कल्पना माणसाला बहुधा शनिवारी दुपारी जेवणानंतर सुचते. पोट भरलेलं असतं, वामकुक्षी हुकलेली असते आणि "दोन तासांचं काम आहे" हे वाक्य चारचौघांत तोंडातून निसटलेलं असतं. दोन तास लागतातच, पण ते सॉफ्टवेअरला. पुढचे तीन शनिवार एक वायर, एक पासवर्ड आणि एक अॅडॉप्टर मिळून खातात.

घरच्या जाळ्याला डिस्क जोडून ठेवणाऱ्या या यंत्राला जाणकार 'नॅस' म्हणतात, मी टाकी म्हणतो. गच्चीवर एक टाकी, खाली खोल्याखोल्यांत नळ. टाकी मोठी घेतली म्हणून नळाला धार येत नाही, हे सोसायटीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तरीही माणूस आधी डिस्कच घ्यायला धावतो. ४ टीबीची आणतो, जोडतो, तर विंडोज ३.६३ टीबी दाखवतं. इथे दुकानदाराला फोन लावू नये. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. दूध तेवढंच आहे, मापं दोन आहेत.

यंत्र कुठलं घ्यायचं? माळ्यावरचा जुना डेस्कटॉप फुकट दिसतो. तो नुसता बसून ६० वॉट खात असेल, तर वर्षाला ५२५ युनिट. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक साधारण ५ वॉटवर चालतो, म्हणजे वर्षाला ४४ युनिट. एवढं गणित मांडलं की घरातून पायला एकमताने मंजुरी मिळते. मिळत नाही ती डिस्कला वीज. पाय ४ च्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एकटीच त्यातला जवळजवळ एक ओढते. दुसरी डिस्क लावली की दोघी टक्-टक् आवाज करत आलटून पालटून बेशुद्ध पडतात. पाय ५ ची आणखी एक खोड आहे. त्याला ५ अँपिअरचा अॅडॉप्टर मिळाला नाही, तर तो यूएसबीला फक्त ०.६ अँपिअर सोडतो. मोबाइलचा चार्जर लावून "चालतंय की" म्हणणाऱ्यांची डिस्क नेमकी मोठी फाइल उतरवताना गायब होते. उपाय दोनच: स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब, नाहीतर १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क. अॅडॉप्टरवर पैसे वाचवणाऱ्याने हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्क लिनक्सवर, म्हणजे पायवर चालणाऱ्या प्रणालीवर, कायमची राहणार असेल तर ती सरळ ईएक्सटी४ या लिनक्सच्या साच्यात फॉरमॅट करावी. फॅट३२ या जुन्या साच्यात ४ जीबीच्या वरची फाइल मावतच नाही. विंडोजचं एनटीएफएस चालतं, पण मालकीहक्काचे घोळ वाढतात. त्यानंतर डिस्कची नोंद, यंत्र चालू होताना वाचतं त्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत करायची, तीही तिच्या यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने. लिनक्सने दिलेली 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं वर्गातल्या बाकांसारखी असतात, जो आधी आला तो पुढे बसतो. नोंदीत 'नोफेल' हा शब्द हवाच. तो नसला आणि डिस्क सुटलेली असली, तर यंत्र चालू होता होता मध्येच हटून बसतं. त्याला स्क्रीन जोडलेला नसल्याने आपल्याला दिसतो तो फक्त एक लाल दिवा.

पण 'नोफेल'मुळे दुसरा सापळा तयार होतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सर्वांत देखणा सापळा हाच. डिस्क जोडली गेली नाही तरी ती जिथे जोडायची तो रिकामा फोल्डर जागेवरच असतो. आपण त्यात आनंदाने फोटो ओतत राहतो. ते जातात पाय ज्यावरून चालतो त्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर. कार्ड भरतं, यंत्र गुदमरतं, आपण घाईने ते बंद-चालू करतो, या वेळी डिस्क शहाण्यासारखी जोडली जाते आणि सगळे फोटो नाहीसे! ते गेलेले नसतात. डिस्कच्या खाली झाकले गेलेले असतात, सतरंजीखाली सारलेल्या केरासारखे. डिस्क काढली की परत दिसतात. म्हणून मोठी कॉपी सुरू करण्याआधी 'डीएफ' ही आज्ञा देऊन आकडा बघायचा. तिथे ३.६ टीबी दिसायला हवेत, २८ जीबी नव्हेत.

आता वाटप. विंडोज ज्या एसएमबी भाषेत फाइली मागतं, ती लिनक्सला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे नाव बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द संगणकाकडून शब्दसूचीतून शोधून घेतले, त्यातून 'सांबा' निघालं. आपल्याकडे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र टेकडीवर बंदूक घेऊन बसलेला इसमच आठवतो. तुलना अगदीच वाईट नाही. सांबाही उंचावर बसून कोण आलं, कोण गेलं हे पाहतो आणि ओळख पटली नाही तर आत सोडत नाही.

ओळख पटत नाही याचं पहिलं कारण असं की सांबाचा पासवर्ड आणि लिनक्सचा पासवर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लिनक्समध्ये खातं उघडलं म्हणून सांबा विचारत नाही, त्याच्या दप्तरात 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने वेगळी नोंद करावी लागते. दुसरं कारण अधिक छळणारं आहे. विंडोज एका वेळी एका सर्व्हरकडे एकाच नावाने जाऊ देतं. आधी चुकून 'बाबा' म्हणून शिरलात आणि मग 'आई'चा फोल्डर उघडायला गेलात, तर १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. पासवर्ड बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी दार बंद. 'नेट यूज' आज्ञेने जुने धागे तोडले की उघडतं. आणि पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय शिरायचा जुना मार्ग नव्या विंडोजने बऱ्याच आवृत्त्यांत बंद केलाय. ते बरंच झालं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला तो याच एसएमबीच्या पहिल्या, म्हाताऱ्या आवृत्तीतून. ती आवृत्ती आता बंद असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या मीडिया प्लेअरला टाकी दिसत नाही. त्याच्यासाठी ती पुन्हा चालू करायचा मोह होतो. प्लेअर बदलावा.

आत शिरल्यावर फाइल दिसते, उघडते, पण पुसता येत नाही की तिचं नाव बदलता येत नाही. हा सातबाऱ्याचा वाद आहे. मालक म्हणून नाव रूटचं, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी खात्याचं, लागलंय आणि जमीन कसतोय भलताच. पहिल्या दिवशी उत्साहात आपणच रूट होऊन फाइली आणल्या, तिथे ही नोंद झाली. 'सीएचओन'ने आख्खा फोल्डर एका खात्याच्या नावावर करायचा आणि सांबाच्या सेटिंगमध्ये 'फोर्स यूजर' म्हणून तेच खातं लिहायचं. मग घरातला कोणीही फाइल टाको, सातबाऱ्यावर नाव एकच लागतं. तलाठी लागत नाही.

आता वायर. इथे जरा थांबतो, कारण निम्मी रडगाणी इथली असतात. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात: पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. कनेक्टर चेपताना निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही, तर काहीही बंद पडत नाही. दोन्ही टोकं आपसांत समजुतीने १०० वर उतरतात आणि संसार चालू राहतो. घरचं इंटरनेट १०० चंच असेल तर हे वर्षानुवर्षं कळतही नाही. टाकी बसवली की कळतं: फाइल सेकंदाला ११ एमबीने सरकते आणि तिथेच ठाण मांडते. त्या वेगाने १ टीबी भरायला पंचवीस तास, गिगाबिटवर अडीच. म्हणून ११ हा आकडा दिसला की डिस्कला शिव्या द्यायच्या नाहीत, सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं नाही, वायर बदलायची. कॅट ५ई पुरते, पण शुद्ध तांब्याची. अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर कोपऱ्यात दोनदा वाकली की आतून तुटते आणि बाहेरून नव्या नवरीसारखी दिसते.

गंमत म्हणजे पुष्कळ महागड्या टीव्हींनाही लॅनची खाच १०० चीच असते. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरीपेक्षा वेगवान ठरू शकतं. टाकी मात्र राउटरशेजारी, वायरनेच. टाकी आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असले की एकच फाइल हवेतून दोनदा उडते.

दोन राउटर असलेल्या घरात आणखी एक नाटक होतं. फायबरवाल्याचा डबा १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो, आपण हौसेने आणलेला राउटर १९२.१६८.० चे. टीव्ही एका वाड्यात, टाकी दुसऱ्या वाड्यात, मध्ये भिंत. टीव्ही "कोणी आहे का?" म्हणून जी हाळी देतो, ती भिंतीपलीकडे जातच नाही. दुसऱ्या राउटरचा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय पसरवणारा डबा, करायचा; तशी सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करून वायर वॅनच्या (इंटरनेटच्या) खाचेऐवजी लॅनच्या खाचेत लावायची. आणि टाकीचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवायचा. नाहीतर वीज जाऊन आली की ती नव्या पत्त्यावर राहायला जाते आणि घरात "तुझं ते बंद पडलं" अशी हाक येते. चालतं तेव्हा ते 'आपलं' असतं, बंद पडलं की 'तुझं' होतं.

टीव्हीवर दाखवायला जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, मोकळं आहे, २०१८ मध्ये एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालेलं. यंत्राच्या पत्त्यापुढे ८०९६ लिहिलं की उघडतं. त्याला शिस्त लागते: प्रत्येक चित्रपटाला फोल्डर, नावापुढे कंसात वर्ष. घरचे व्हिडिओ चुकून 'चित्रपट' या विभागात टाकलेत, तर ते नावावरून जगभरच्या सूचीत जुळणी शोधतं आणि चुलतबहिणीच्या लग्नावर कुठल्यातरी परदेशी थरारपटाचं पोस्टर चिकटवतं. 'होम व्हिडिओ' असा वेगळा विभाग असतो, तो निवडायचा.

चित्र अडखळायला लागलं की लोक वायफायकडे बघतात. आधी जेलीफिनच्या डॅशबोर्डकडे बघावं. तिथे 'डायरेक्ट प्ले' असेल तर टाकी नुसती फाइल पुढे सरकवतेय, हे काम पायही झोपेत करतो. 'ट्रान्सकोड' असेल तर ती फाइल चालू असतानाच दळून देतेय, आणि ४के दळायला पायचं जातं फार लहान. बहुतेक वेळा गुन्हेगार सबटायटल असतं. चित्ररूपातली सबटायटल टीव्हीला झेपली नाहीत की प्रत्येक फ्रेमवर ती छापावी लागतात, म्हणजे पुन्हा दळण. नुसत्या मजकुराची साधी एसआरटी फाइल ठेवली की यंत्र शांत. चित्र आहे आणि आवाज नाही, असं झालं तर ध्वनी डीटीएस प्रकारचा आहे का पाहावं, अनेक टीव्हींना तो कळत नाही. दळण टळणारच नसेल, तर पायऐवजी इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर असलेला छोटा पीसी घ्यावा आणि जेलीफिनमध्ये हार्डवेअरची मदत चालू करावी.

वीज गेली की इन्व्हर्टर सांभाळेल, या भरवशावर राहू नये. घरगुती इन्व्हर्टरला बहुतेक दोन खटके असतात. साध्या खटक्यावर वीज बदलताना पंखा तेवढा चालू राहतो, यंत्र झोपून उठतं. यूपीएसच्या खटक्यावर ठेवावा. आणि तरीही टाकीचा प्लग कोणीतरी मिक्सरसाठी काढणारच. तिथे पाटी लावावी. "कृपया" लिहू नये, त्याने काही होत नाही.

दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या म्हणजे बॅकअप झाला, असं मानणारे पुष्कळ आहेत. एकीवर फोल्डर पुसला की दुसरीही त्याच क्षणी आज्ञाधारकपणे पुसते. एक प्रत दुसऱ्या घरात, वायर काढून, कपाटात. महिन्यातून एकदा आणायची, नवं भरायचं, परत द्यायची. त्या निमित्ताने जाणं-येणंही राहतं. परदेशातल्या भावाला दाखवायचं असेल तर टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरावं. राउटरवर सांबाचं ४४५ क्रमांकाचं दार (पोर्ट) मात्र इंटरनेटला कधीही उघडून देऊ नये.

आणि मग मुंजीची व्हीसीडी, जिच्यासाठी घरच्यांनी हे सगळं सोसलेलं असतं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. विंडोजमध्ये 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करायची. लिनक्सवर नुसती कॉपी मारली तर बहुधा वाचनाची त्रुटी येते, तिथे व्हीसीडीएक्सरिप नावाचं सॉफ्टवेअर लागतं. मग एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती एच.२६४ प्रकारात करून ठेवायची, कारण टीव्हीच्या अॅपला एमपेग-१ आवडेलच असं नाही. मिनिटाला साधारण १० एमबी. तीन चकत्यांची आख्खी मुंज दोन जीबीत, म्हणजे चार टेराबाइटच्या टाकीत एक तांब्या.

चित्राचा आकार ३५२ बाय २८८. त्रेचाळीस इंची पडद्यावर बटूचं तोंड आणि केळीचा खांब यांत फरक करणं अवघड जातं, मातृभोजनाला बसलेल्या आठ मुंजांतला उत्सवमूर्ती कुठला यावर वाद होतो, भटजींना नाक नसतं. आत्या मात्र चष्मा सावरून छातीठोकपणे सांगते, की डावीकडचा तो जांभळा चौकोन म्हणजे तिची पैठणी, आणि शेजारचा पिवळा चौकोन तिच्याशी तेव्हाही बोलत नव्हता.